मिस्टर पॉल स्कोफील्ड

मराठी प्रेक्षकाला शेक्सपिअरचा लिअर भेटतो तो बहुधा अप्पासाहेब बेलवलकरांच्या रूपाने. १९७० साली तात्यासाहेब शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब साकारले, आणि तेव्हापासून मुलांना सगळं वाटून टाकून उघड्यावर पडलेला म्हातारा म्हटलं की आपला गळा दाटून येतो. विंदा करंदीकरांनी मूळ नाटक ‘राजा लिअर’ म्हणून मराठीत आणलं. ते वाचतानाही डोळ्यांसमोर अप्पासाहेबच येतात. म्हाताऱ्याची बाजू आपण पडदा उघडायच्या आधीच घेऊन बसलेलो असतो.

‘नटसम्राट’च्या आठ वर्षं आधी, नोव्हेंबर १९६२मध्ये, इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला एका चाळिशीच्या नटाने असा लिअर उभा केला की सुरुवातीला त्याची बाजू घ्यावी असं कोणालाच वाटू नये. शिकारीहून परतलेला राजा थोरल्या मुलीच्या, गॉनरिलच्या वाड्यात शिरतो. मागे दांडगट सरदारांचा घोळका. तो जेवण मागतो, नोकरांवर खेकसतो. मुलगी येऊन चार शब्द सुनावते आणि हा राजा समोरचं जेवणाचं टेबल उलथून टाकतो. धन्याचं पाहून सरदारही मोकाट सुटतात, हाताला लागेल ते भिरकावतात. एरवी जिला पहिल्या वाक्यापासून खलनायिका ठरवलं जातं ती गॉनरिल, आयरीन वर्थने केलेली, तो पसारा पाहत उभी असते, आणि प्रेक्षागृहातल्या माणसाला वाटून जातं की या बाईची तक्रार काही अगदीच खोटी नव्हती. केनेथ टायनन या त्या काळच्या सर्वांत धारदार समीक्षकाला नेमकी हीच गोष्ट भावली. दिग्दर्शक पीटर ब्रुकने कोणालाच झुकतं माप दिलं नव्हतं, आणि त्याच्या नटाने स्वतःसाठी ते मागितलंही नव्हतं.

त्या नटाचं नाव पॉल स्कोफील्ड. २००४ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी शेक्सपिअरची आजवरची सर्वश्रेष्ठ भूमिका कोणती याचा कौल दिला, तेव्हा ऑलिव्हिए, गिलगुड अशी सगळी नावं समोर असताना त्यांनी निवडला तो हा लिअर. म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वीचा एक प्रयोग. अशा कौलांना मी एरवी फार महत्त्व देत नाही. पण हा नटांनी एका नटाला दिलेला कौल आहे, आणि तो बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं. स्कोफील्डने प्रेक्षकाकडे सहानुभूती कधी मागितली नाही. रंगमंचावर नाही, पडद्यावर नाही, आणि प्रसिद्धीच्या बाबतीत म्हणाल तर आयुष्यातही नाही. त्याची सगळी कारकीर्द मला या एका गोष्टीतून उलगडत जाते.

त्याचा जन्म २१ जानेवारी १९२२चा, बर्मिंगहॅममधला; पण तो वाढला दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या हर्स्टपियरपॉइंट या खेड्यात. वडील गावच्या शाळेचे हेडमास्तर. वडील अँग्लिकन पंथाचे, आई कॅथलिक. मुलं कधी या पंथाची असत, कधी त्या, असं तो पुढे सांगायचा. शाळेत त्याची गती बेताची होती. मग बाराव्या वर्षाच्या सुमारास तो ब्रायटनच्या वार्नडीन शाळेत दाखल झाला. तिथे दरवर्षी शेक्सपिअरचं एक नाटक बसवायची प्रथा होती, आणि त्या एका नाटकासाठी हा मुलगा वर्षभर जगायचा. मुलांची शाळा, त्यामुळे स्त्रीभूमिकाही मुलांनीच करायच्या. त्याच्या वाट्याला ज्युलिएट आली. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात याचं नवल वाटायचं कारण नाही. पण पुढे ज्याचा खर्जातला आवाज इंग्लंडने डोक्यावर घेतला, त्याची सुरुवात व्हेरोनातल्या कोवळ्या मुलीपासून झाली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सतराव्या वर्षी शाळा सोडून तो क्रॉयडनच्या नाट्यसंस्थेत शिकायला गेला, तिथून लंडनच्या एका नाट्यशाळेत. तोवर युद्ध सुरू झालं. सैन्यात भरती व्हायला गेला, तर पायाची बोटं एकमेकांवर चढलेली म्हणून डॉक्टरांनी त्याला नापास केलं. लष्करी बूट त्या पायात चढणारच नव्हते. बरोबरीची मुलं आघाडीवर जात असताना आपण मागे राहिलो याची त्याला लाज वाटत राहिली. मग सैनिकांसाठी नाटकं करत फिरणाऱ्या संचातून त्याने गावोगावी प्रयोग केले. १९४३ साली जॉय पार्कर या अभिनेत्रीशी त्याने लग्न केलं. दोघांचं वय अवघं विशीच्या आसपासचं. ते लग्न त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पासष्ट वर्षं टिकलं, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांना छापायला कधी काही मिळालं नाही.

नट म्हणून तो घडला बर्मिंगहॅममध्ये. सर बॅरी जॅक्सन या नाट्यवेड्या श्रीमंत माणसाने स्वतःच्या पैशाने तिथे रेपर्टरी थिएटर उभं केलं होतं. रेपर्टरी म्हणजे ठरलेला नटसंच आणि एकामागून एक नवी नाटकं. आजचा प्रयोग संपवायचा आणि उद्या सकाळी पुढच्या नाटकाच्या तालमीला उभं राहायचं. आज राजा, पुढच्या नाटकात नोकर. एकाच साच्यात अडकायला तिथे नटाला सवडच मिळत नसे. १९४५ साली जॅक्सनने वीस वर्षांच्या एका पोराला दिग्दर्शनाला बोलावलं. तो पीटर ब्रुक. हाच ब्रुक पुढे आपलं महाभारत घेऊन जगभर फिरला, त्यामुळे आपल्याकडे त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. स्कोफील्ड तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दोघांनी शॉ केला, शेक्सपिअर केला, इब्सेन केला. पुढच्याच वर्षी जॅक्सनकडे स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहाची सूत्रं आली, तेव्हा जाताना तो या दोघांनाही घेऊन गेला.

स्ट्रॅटफर्डची ती वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत, कारण स्कोफील्ड तिथे भराभर वर चढला. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मधला कल्पनेत जगणारा स्पॅनिश सरदार डॉन आर्माडो, पाचवा हेन्री, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला मर्क्युशिओ, आणि १९४८ साली व्हिक्टोरियन काळाच्या पोशाखातला हॅम्लेट. तो हॅम्लेट रॉबर्ट हेल्पमन आणि स्कोफील्ड आळीपाळीने करत, आणि ऑफीलिया होती सतरा वर्षांची क्लेअर ब्लूम. मग लंडन. १९५२-५३च्या हंगामात हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरमध्ये जॉन गिलगुडने स्वतः दिग्दर्शन करून त्याला दुसरा रिचर्ड दिला. ही गिलगुडची स्वतःची गाजलेली भूमिका. आपल्या हातातलं असं पात्र धाकट्या नटाच्या हाती सोपवणं सोपं नसतं. गिलगुडचं मोठेपण त्यात दिसतं.

१९५५-५६चा हंगाम मात्र थांबून पाहायला हवा. ब्रुक आणि स्कोफील्ड यांनी लंडनच्या फिनिक्स थिएटरमध्ये तीन नाटकांचा बेत आखला, त्यांतली पहिली दोन इथे महत्त्वाची. पहिलं ‘हॅम्लेट’. ते आधी मॉस्कोला गेलं. १९१७च्या क्रांतीनंतर रशियात प्रयोग करणारी ही पहिली इंग्रजी नाटक मंडळी. दुसरं, ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीवरचं ‘द पॉवर अँड द ग्लोरी’. मेक्सिकोत धर्मगुरूंची धरपकड चालू असताना लपतछपत फिरणारा, दारूच्या आहारी गेलेला, स्वतःलाच नालायक समजणारा एक पाद्री, ही त्यातली स्कोफील्डची भूमिका. रात्री हॅम्लेटचा प्रयोग आणि दिवसा पाद्र्याची तालीम असा क्रम चालू होता, आणि पाद्री काही केल्या त्याला सापडत नव्हता. ब्रुकने ही हकिगत लिहून ठेवली आहे. हॅम्लेटचा शेवटचा प्रयोग झाला. त्या भूमिकेसाठी वाढवलेले केस स्कोफील्डने कापून टाकले. त्यानंतरच्या तालमीत दार उघडून एक लहानखुरा माणूस आत आला. काळा सूट, तारेच्या काड्यांचा चष्मा, हातात बॅग. हा अनोळखी माणूस आपल्या रंगमंचावर काय करतोय, असा प्रश्न क्षणभर सगळ्यांना पडला. तो स्कोफील्ड होता. एवढ्या उंच माणसाचं शरीर लहान कसं झालं, याचं उत्तर ब्रुककडेही नव्हतं. पहिली भूमिका अंगातून पूर्ण उतरल्याशिवाय दुसरीला त्याच्यात जागा मिळत नव्हती, एवढंच कळलं.

या नटाला विश्लेषण करत बसायला आवडत नसे. भूमिकेची चर्चा तो टाळायचा, मुलाखती क्वचित द्यायचा, आत्मचरित्र तर त्याने लिहिलंच नाही. त्याच्यावर लिहिणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. पण हातात जे काम आहे ते पाहिलं की भूमिका बांधण्याची त्याची रीत दिसते. त्याची सगळी भिस्त आवाजावर. खर्जातला, किंचित खरखरीत आवाज, जो वाक्याच्या मध्येच अनपेक्षितपणे वर चढतो. जिथे आपण थांबलो असतो तिथे तो थांबत नाही, आणि ज्या शब्दाकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं नेमक्या त्या शब्दावर वजन टाकतो. त्यामुळे शेक्सपिअरची शंभर वेळा ऐकलेली ओळही या माणसाला ती आत्ताच सुचली असं वाटतं. चेहरा लांबट, तिशीतच सुरकुत्यांच्या खोल रेघा उमटलेला. त्या चेहऱ्यावर भावना चटकन येत नाहीत, पण एकदा आल्या की लगेच पुसल्याही जात नाहीत.

१९६० साली रॉबर्ट बोल्टचं ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ आलं. नाटक सर टॉमस मोरचं. आठव्या हेन्रीला पहिली राणी सोडून ॲन बोलीनशी लग्न करायचं आहे, पोप परवानगी देत नाही, म्हणून राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख होतो. सगळा दरबार शपथ घेऊन मोकळा होतो. मोर घेत नाही. आणि का घेत नाही, हेही तो सांगत नाही, कारण तो हाडाचा वकील आहे. बोलल्याशिवाय राजद्रोह शाबित होत नाही, मौन म्हणजे कायद्याने संमतीच, असा त्याचा डाव आहे. हा माणूस हुतात्मा व्हायला निघालेला नाही. त्याला जगायचं आहे. चेल्सीचं घर, लाडकी मुलगी मार्गारेट, लिहिता-वाचता न येणारी पण त्याच्यावर जीव टाकणारी बायको, हे सगळं त्याला हवं आहे. ६ जुलै १५३५ला त्याचं डोकं उडवलं गेलं, ते कायद्यातली एकही पळवाट शिल्लक न राहिल्यावर.

स्कोफील्डने ही भूमिका आधी लंडनला केली, मग नोव्हेंबर १९६१पासून ब्रॉडवेवर. न्यूयॉर्कला त्या नाटकाचे सहाशे सदतीस प्रयोग झाले आणि १९६२ साली त्याला टोनी पुरस्कार मिळाला. फ्रेड झिनमनने त्यावर चित्रपट करायचं ठरवलं, तेव्हा स्कोफील्ड हे नाव सिनेमाच्या बाजारात चालणारं नव्हतं. झिनमन हटला नाही, आणि १९६६ साली तो चित्रपट पडद्यावर आला. रॉबर्ट शॉचा तरणाबांड, हसता हसता धमकावणारा हेन्री; ऑर्सन वेल्सचा लाल झग्यातला कार्डिनल वूल्झी; लिओ मकर्नचा क्रॉमवेल; आणि रिचर्ड रिचच्या भूमिकेत कोवळा जॉन हर्ट. एकेकाने फ्रेम खाऊन टाकावी असे हे नट. आणि मधोमध आवाज न चढवता उभा असलेला स्कोफील्ड.

त्यातला खटल्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. रिच हा मोरच्या घरी येणारा-जाणारा होतकरू तरुण. मोरने त्याला सल्ला दिला होता, शिक्षक हो, दरबाराच्या नादी लागू नकोस. आता तोच रिच साक्षीदाराच्या जागी उभा राहून मोरविरुद्ध खोटी शपथ घेतो. मोरचं मरण त्या एका वाक्यात ठरतं. रिच जायला निघतो तेव्हा मोरला त्याच्या गळ्यातली पदाची साखळी दिसते. ती जवळून पाहू का, असं तो विचारतो. कळतं की रिचची वेल्सच्या ॲटर्नी-जनरलपदी नेमणूक झाली आहे. या जागी दहा नटांतले नऊ कडवट होतील, उपहास करतील, टाळी घेतील. स्कोफील्ड त्या पोराकडे बघतो, आणि त्या नजरेत खरीखुरी कणव असते. आत्मा विकायचाच होता तर किंमत तरी बरी घ्यायचीस, असं वडीलधाऱ्या माणसाला वाटावं तशी. आणि मग निकाल लागतो. आता गप्प राहण्यात अर्थ उरलेला नाही. त्या क्षणी दोन तास राखून ठेवलेला आवाज तो पहिल्यांदा मोकळा सोडतो. सिनेमाच्या आरंभापासून आपण ज्याची नकळत वाट पाहत होतो ते तिथे घडतं. हा हिशेब दिग्दर्शकाचा आणि लेखकाचा तर आहेच, पण एवढा वेळ स्वतःला आवरून धरायची ताकद नटाची.

१९६७च्या ऑस्कर समारंभात त्या चित्रपटाला सहा पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या स्पर्धेत रिचर्ड बर्टन, मायकेल केन, स्टीव्ह मॅक्वीन आणि ॲलन आर्किन होते. जिंकला स्कोफील्ड. तो तिथे नव्हता. चित्रपटात त्याच्या बायकोचं काम केलेल्या वेंडी हिलरने त्याच्या वतीने बाहुली स्वीकारली. दोन वर्षांनी टेलिव्हिजनचा एमीही त्याला मिळाला. टोनी, ऑस्कर, एमी हे तिन्ही सात वर्षांत पदरी पडलेल्या नटाने हॉलिवूडला मुक्काम हलवला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्याने इतक्या भूमिका नाकारल्या की त्याचे चित्रपट थोडक्यात मोजून होतात. त्यांतला ‘द ट्रेन’ मला विशेष आवडतो. फ्रान्समधली अनमोल चित्रं लुटून नेणारा जर्मन कर्नल त्याने त्यात केला आहे. चित्रांवर खरोखर प्रेम असलेला आणि त्या प्रेमापायी माणसं मारायला मागेपुढे न पाहणारा. नाझी अधिकारी रंगवायचे ठरावीक रंग सोडून स्कोफील्डने त्याला आधी रसिक केलं. त्याने तो माणूस अधिकच भयंकर झाला.

आता पुन्हा लिअरकडे. खरं तर तो प्रयोग आधीच यायचा होता. ब्रॉडवेवरून परतलेला स्कोफील्ड इतका थकला होता की तो पुढे ढकलावा लागला. रिकाम्या जागी घाईघाईने ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ बसवलं गेलं आणि तेही अफाट गाजलं. रॉयल शेक्सपिअर कंपनीत तेव्हा काय दर्जाची माणसं होती हे त्यावरून कळावं. लिअरचं नेपथ्य ब्रुकने स्वतःच केलं होतं. जवळजवळ रिकामा रंगमंच, चामड्याचे झिजके पोशाख, स्वच्छ उजेड. वादळ म्हणजे वरून टांगलेले गंजके पत्रे. ते सगळ्यांच्या देखत थरथरायचे आणि त्यांचाच गडगडाट व्हायचा. म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचे डोळे काढल्यावर मूळ संहितेत दोन नोकर त्याच्या जखमांवर उपचार करतात, तो दिलाशाचा तुकडा ब्रुकने कापला. आंधळा म्हातारा चाचपडत निघतो, नोकर त्याला ढकलून आपलं काम करत राहतात, आणि तो अजून रंगमंचावर असतानाच मध्यंतराचे दिवे लागतात. चहा प्यायला उठलेल्या प्रेक्षकाला आपण कुठे चाललोय हा प्रश्न पडावा म्हणून. पोलिश समीक्षक यान कॉटने लिअर आणि नाटककार बेकेट यांची सांगड घातली होती, तिचं वारं या सगळ्यात होतं.

असा कोरडा प्रयोग, आणि मध्यभागी स्कोफील्डचा लिअर. ताठ, हट्टी, हुकूम सोडायची सवय जिभेला लागलेला. हा रडत नाही. तो हळूहळू पाहायला शिकतो, आणि पाहायला शिकेपर्यंत उशीर झालेला असतो. पूर्वार्धात त्याने आपली माया मागितलेली नसल्यामुळे उत्तरार्धात ती आपल्याला द्यावीशी वाटते, तेव्हा ती आपली स्वतःची असते. आंधळ्या ग्लॉस्टरशेजारी बसून बरळणारा हा वेडा राजा कोणाच्याही दयेचा विषय उरत नाही, तो समोरच्याला शहाणा करून सोडतो. ‘नटसम्राट’च्या प्रेमात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचायला वेळ लागला. शिरवाडकरांनी लिअरमधला बाप आपल्या घरात आणला, ते थोरच काम आहे. स्कोफील्डने त्यातल्या बापाच्या आधीचा हुकूमशहा दाखवला, आणि तो दाखवल्याशिवाय शेक्सपिअरची गोष्ट पुरी होत नाही असं आता मला वाटतं.

१९६४ साली तो प्रयोग पूर्व युरोपच्या दौऱ्यावर निघाला. बुडापेस्ट, बेलग्रेड, बुखारेस्ट, वॉर्सा, लेनिनग्राड, मॉस्को. ब्रुकने आपल्या ‘द एम्प्टी स्पेस’ या पुस्तकात लिहिलं आहे की त्या नाटकाचे सर्वांत सरस प्रयोग झाले ते बुडापेस्ट ते मॉस्को या टप्प्यात. प्रेक्षकांना इंग्रजी जेमतेम कळत होतं. पण म्हातारे राजे, वाटणी झालेले देश, रातोरात वैरी झालेले आप्त हे त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. तेच नट मग अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. तिथे शब्द न् शब्द कळणारे लोक बसले होते, आणि प्रयोगातला जीव निघून गेला. नाटक निम्मं प्रेक्षागृहात घडतं, हे आपल्याकडे दौऱ्यावर फिरलेला कोणताही नट सांगेल.

ब्रुकने १९७१ साली त्यावर कृष्णधवल चित्रपट केला, डेन्मार्कच्या जटलंडमध्ये, ऐन थंडीत. तो सर्वांना आवडेल असं नाही. सुरुवातीला कॅमेरा नुसता निःशब्द बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून सरकत राहतो, मग स्कोफील्डचा चेहरा येतो, आणि राज्याची वाटणी तो जवळजवळ एका सुरात, जुनी तारण-खतं वाचावीत तशी सांगून टाकतो. शेवटी लिअर मरतो तेव्हा त्याचं डोकं सावकाश चौकटीबाहेर कलतं आणि पडद्यावर पांढरं आभाळ राहतं. रंगमंचावरच्या प्रयोगाची ही सावलीच म्हणायची, पण आपल्या हाती तेवढीच आहे.

घरी तो कसा होता? ससेक्समध्येच बाल्कम नावाच्या खेड्यात त्याने आयुष्य काढलं, जिथे वाढला त्या गावापासून फार दूर नाही. लंडनला प्रयोग असला की रेल्वेने जायचं, प्रयोग संपला की रेल्वेने परत. समारंभ, मेजवान्या, कंपू यांत तो नसे. सरकारने सर ही पदवी देऊ केली, ती त्याने नाकारली. ज्यांनी घेतली त्यांच्याबद्दल त्याला आदरच होता. आपल्याला मात्र ते नको, मिस्टर पुरेसं आहे, अशी त्याची भूमिका. यात मानभावीपणा नव्हता, कारण १९५६चा सीबीई आणि २००१चा कम्पॅनियन ऑफ ऑनर हे सन्मान त्याने स्वीकारले. त्या दोन्हींनी नावाआधी काही लागत नाही. नावाआधी ‘सर’ लागलं असतं तर उद्या तो पाद्री करायला उभा राहिला तरी लोकांना आधी सर पॉल दिसला असता. कारण हेच होतं असं तो म्हणाल्याचं मला कुठे सापडलं नाही, हा माझा तर्क आहे. पण केस कापून, चष्मा लावून दारातून आत आलेला तो अनोळखी माणूस आठवला की तर्क पटतो.

१९७९ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, नॅशनल थिएटरमध्ये त्याने पीटर शॅफरच्या ‘अमाडेउस’मधला सालिएरी पहिल्यांदा उभा केला. दिग्दर्शन पीटर हॉलचं, मोझार्ट सायमन कॅलो, आणि मोझार्टची बायको फेलिसिटी केंडल. वडील जेफ्री केंडल यांच्या नाटक मंडळीबरोबर हिंदुस्थानभर फिरत वाढलेली हीच ती फेलिसिटी, शशी कपूर यांची मेव्हणी. सालिएरी हा दरबारातला मानाचा संगीतकार. आपल्याला देवाने फक्त पारखण्याचा कान दिला आणि सूर मात्र त्या वात्रट पोराच्या गळ्यात घातला, हे एकट्या त्याला कळतं, आणि त्या कळण्यातच तो जळून जातो. चाकाच्या खुर्चीतला जख्ख म्हातारा प्रेक्षकांना, म्हणजे भविष्यातल्या भुतांना, हाक मारतो आणि सर्वांच्या समोर बेचाळीस वर्षं तरुण होतो. हे नाटक प्रेक्षकाशी थेट बोलणारं. सहानुभूती मागायला याहून सोपी जागा नाही. स्कोफील्डने ती मागण्याऐवजी साक्ष दिली. आपला गुन्हा स्वच्छ शब्दांत मांडणारा माणूस त्याने केला. प्रयोग तुफान चालला. ब्रॉडवेला मात्र स्कोफील्ड गेला नाही. तिथे ती भूमिका इयन मकेलनने केली आणि १९८४च्या चित्रपटात एफ. मरे एब्रहॅमने. दोघांनीही मोठे पुरस्कार मिळवले. स्कोफील्ड तोवर नॅशनललाच ‘ऑथेल्लो’ करून मोकळा झाला होता. तो ऑथेल्लो फारसा रंगला नाही असं तेव्हाच्या बऱ्याच समीक्षकांचं मत पडलं.

उतारवयातल्या भूमिकांतल्या तीन सांगतो. १९९४चा ‘क्विझ शो’. टेलिव्हिजनवरच्या प्रश्नमंजूषेत आधीच उत्तरं पुरवून जिंकवल्या गेलेल्या चार्ल्स व्हॅन डोरन या प्राध्यापकाची खरी घडलेली गोष्ट. स्कोफील्ड त्याचा बाप मार्क, कवी आणि नामांकित अध्यापक. एका रात्री मुलगा घरी येतो, स्वयंपाकघरात बापलेक चॉकलेट केक आणि दूध घेऊन बसतात. मुलाच्या ओठावर सत्य आलेलं आहे, आणि बाप इतका खुशीत आहे की ते बाहेर पडत नाही. स्कोफील्ड तिथे काहीच करत नाही, फक्त सुखात असतो. पुढे रिकाम्या वर्गात मुलगा सांगून टाकतो, तेव्हा तो बाप आधी चिडत नाही, गोंधळतो. पैसे घेऊन उत्तरं पाठ करता येतात हे त्याच्या जगात बसतच नाही. या पोराचं नाव म्हणजे आपलंही नाव आहे, हे ध्यानात आल्यावर मग आवाज चढतो. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

दुसरी, १९९६च्या ‘द क्रूसिबल’ चित्रपटातला न्यायाधीश डॅनफर्थ. चेटकिणी ठरवून निरपराधांना फासावर पाठवणारा, आणि स्वतःच्या सचोटीबद्दल तिळमात्र शंका नसलेला. या भूमिकेसाठी स्कोफील्डला बाफ्टा पुरस्कार मिळाला. तिसरी त्याच वर्षी रंगमंचावर, इब्सेनचा जॉन गॅब्रिएल बोर्कमन. अफरातफरीत तुरुंगवास भोगून आलेला बँकर आठ वर्षं माडीवर येरझाऱ्या घालतो आहे, आणि खाली बायको ती पावलं ऐकते आहे. बायको आयलीन ॲटकिन्स, तिची बहीण व्हनेसा रेडग्रेव्ह. रंगमंचावरची त्याची ही शेवटची मोठी भूमिका. पंचाहत्तरीला टेकलेला नट, आणि अजूनही क्षमा न मागणारी पात्रं.

१९ मार्च २००८ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. बरोबर एक वर्षाने वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट्स चर्चमध्ये त्याची स्मृतिसभा झाली.

त्याचं बहुतेक काम रंगमंचावरचं, म्हणजे गेलेलं. पण सगळं नाही. ‘अमाडेउस’ची बीबीसीने मूळ संचासह नभोनाट्याच्या रूपात नोंद केली आहे. ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा नॅक्सॉस कंपनीने त्याच्या आवाजात संपूर्ण ‘लिअर’ ध्वनिमुद्रित केलं. आता राजाच्या वयाला पोहोचलेला नट, आणि विदूषक केनेथ ब्रॅना. ज्यांना नाटकाची आवड आहे, विशेषतः जे तरुण आज मराठीत एकांकिका स्पर्धांमधून उभे राहतायत, त्यांना माझी विनंती आहे. आधी ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ मिळवून पाहा. त्यात सुरुवातीलाच वूल्झीचा प्रसंग आहे. लाल झग्यातला ऑर्सन वेल्स सगळा पडदा व्यापून बोलत असतो. तो बोलत असताना तुम्ही समोर उभ्या असलेल्या स्कोफील्डकडे पाहा, तो ऐकतो कसा तेवढंच बघा. मग विंदांचा ‘राजा लिअर’ हातात घेऊन ते ध्वनिमुद्रण ऐका.